खिडकी क्रमांक चारवरचा नमुना

समता कॉलोनी, रायपूर
२४ ऑगस्ट २०२५

चि. गंधाली,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे किंवा नाही, याविषयी खात्री नसल्याने तो शब्द गाळला आहे. तू दूरध्वनी घेत नाहीस. पत्र मात्र परत आलेले नाही, म्हणजे पुण्याचा पत्ता बरोबर आहे असे मी धरून चालतो.

तुझ्या आईचे वर्षश्राद्ध ३१ जुलै रोजी यथाविधी पार पडले. तू आली नाहीस. पंक्तीत बसल्या बसल्या तुझ्या मामाने, चारुदत्तने, मोठ्याने विचारले, "काहून नाही आली पोट्टी?" मी सांगितले, रजा मिळाली नाही. मी फार थोड्या वेळा खोटे बोललो आहे; त्यांपैकी ही एक वेळ.

आता १५ सप्टेंबर रोजी अविधवा नवमी आहे. नवऱ्याच्या आधी गेलेल्या स्त्रीच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालायचे, साडी द्यायची, ओटी भरायची. तेवढ्या वेळापुरती ती सवाष्ण गेलेल्या बाईच्या जागी असते. तुझ्या देवश्रीमामीने पाटावर बसण्याचे मान्य केले आहे. तू यावेस, अशी अपेक्षा आहे.

गेल्या वर्षी चौदाव्या दिवशी, न जेवता, रिक्षात बसताना तू मला एक प्रश्न विचारलास. "बाबा, आईला उपाशी कोणी ठेवलं?" तो प्रश्न अन्यायाचा होता. जठराच्या कर्करोगाने शेवटच्या अवस्थेत अन्न जात नाही, हे तुला डॉक्टरांनी माझ्या समक्ष सांगितले होते. दोषी शोधायचेच असतील, तर त्या सरकारी रुग्णालयात शोध. खाटेसाठी मी चार दिवस खिडकी क्रमांक चारसमोर उभा होतो. माझ्या अर्जावर 'विचाराधीन' असा शिक्का होता आणि तुझी आई व्हरांड्यात सतरंजीवर होती. तीस वर्षे रेल्वेच्या राजभाषा विभागात मी शासकीय पत्रव्यवहाराचे नमुने तयार केले. इतकी निर्लज्ज दिरंगाई मी पाहिलेली नाही.

एका परिचारिकेची बदली झाली, ही प्रशासकीय बाब होती. तिचा संबंध तू याच्याशी लावू नयेस.

नरहरी पुसदकर


३१ ऑगस्ट २०२५

चि. गंधाली,

मागील पत्रातील शेवटच्या दोन वाक्यांसंबंधी काही लिहिणे आवश्यक झाले आहे.

नवमीची साडी घ्यायला मी काल पंडरीच्या कापड बाजारात गेलो. मामी सोबत येणार होत्या, त्यांचे गुडघे दुखत होते. ठोक दुकानातल्या गादीवर बूट काढून बसलो. सांगितले, नऊवारी नको, सुती, हिरवी चालेल. समोर जी बाई घड्या उलगडत होती, तिने मान वर न करता म्हटले, "दीदी को तोतापंखी हरा पसंद था. यह वाला गहरा है."

ती सत्यभामा कोसले होती. वॉर्डातली परिचारिका. तुझी आई जिला 'सत्तो' म्हणत असे.

मी विचारले, "आप यहाँ?"

"हव, बाबूजी. आठ महीने हो गए. वहाँ की नौकरी संविदा पर थी, ठेका आगे नहीं बढ़ाया." हात थांबले नव्हते. साडी झटकली, पदर दाखवला, पुन्हा घडी. "मेरे खिलाफ शिकायतें थीं ना."

शेजारी एक गिऱ्हाईक बाई बसली होती, तिला वाटले आमची भावाची घासाघीस चालली आहे. ती म्हणाली, "भैया, इनसे दाम मत करिए, सेठ से करिए."

सत्यभामा हसली. मग मला म्हणाली, "मैंने अर्जी लगाई है. दस तारीख को सुनवाई है, कमेटी बैठेगी. आपकी चिट्ठी सबसे ऊपर लगी है."

मी साडी न घेता उठलो. बूट घालताना लेस बांधता येईना. एवढ्या मोठ्या बाजारात मी एका लाकडी पायरीवर बसून राहिलो आणि हमाल मला ओलांडून गठ्ठे नेत राहिले.

होय, मी पत्र दिले होते. तुला ते माहीत नाही, की माहीत होते? पत्रात जातीचा उल्लेख नव्हता. एकही असभ्य शब्द नव्हता. कोणत्याही न्यायालयात ते पत्र टिकेल. हे मी तुला निक्षून सांगतो.

नरहरी पुसदकर


६ सप्टेंबर २०२५

गंधाली,

मागील पत्रातले 'टिकेल' हे वाक्य लिहिल्यापासून मला झोप नाही. टिकेल! काय टिकेल? सहा दिवस मी त्या एका शब्दाचा इतका राग राग केला आहे की आता सर्व लिहून टाकतो. क्रमाने लिहितो, कारण दुसऱ्या रीतीने मला लिहिता येत नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टची दोन तारीख. आईला रुग्णालयाचा दलिया पोटात ठरत नव्हता, हे तू जाण्यापूर्वी पाहिले होतेस. त्या दिवशी मी फळे घेऊन दुपारी लवकर पोहोचलो. तुझी आई उशांना टेकून बसली होती आणि हसत होती. सत्यभामा स्वतःच्या डब्यातली तांदळाची पेज, त्यांच्याकडे जिला पसिया म्हणतात ती, चमच्याने तिला भरवत होती. सोबत चेच या पालेभाजीचे दोन घास. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, हे मला नंतर कळले. आधी कळले असते तरी फरक पडला नसता.

आई म्हणाली, "साहेब, पाहा, सहा चमचे गेले पोटात! आज उलटी नाही. तुमच्या त्या सफरचंदांचा रस प्या तुम्हीच."

मी फळे ठेवली आणि सत्यभामाला विचारले, "आपका सरनेम क्या है?"

"कोसले."

"कौन से कोसले?"

हा प्रश्न काय असतो, हे रायपुरात पहिलीतल्या पोराला समजते. तिनेही चमचा वाटीत ठेवला, ताठ झाली आणि म्हणाली, "सतनामी. जैतखाम वाले पारा में रहते हैं हम."

ज्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, उंच खांबावर पांढरे निशाण असते, त्या पाऱ्यातले लोक. माझ्या आजीने ज्यांची सावली टाळली, माझ्या वडिलांनी ज्यांना अंगणाच्या पलीकडून पाणी घातले, आणि मी, पदव्युत्तर शिक्षण घेतलेला मनुष्य, ज्यांच्याविषयी असले काही मानत नाही असे तुला लहानपणापासून सांगत आलो. कार्यालयात मी त्यांच्यासोबत चहा घेतला आहे. हे वाक्यही मी तुला अनेकदा ऐकवले आहे, जणू चहा घेऊन मीच उपकार केले.

आई म्हणाली, "काय विचारून राहिले तुम्ही हे? जेवू द्या मले."

मी खाली उतरलो. व्हरांड्यातल्या बाकावर बसून कोऱ्या कागदावर, समास सोडून, हिंदीत लिहिले: "मेरी पत्नी विनोदिनी की आहार-संबंधी शुचिता एवं पारिवारिक संस्कारों को दृष्टिगत रखते हुए अनुरोध है कि संबंधित परिचारिका के स्थान पर किसी उपयुक्त कर्मचारी की व्यवस्था करने की कृपा करें." एकदाही खोडले नाही. खिडकी क्रमांक चारवरच्या हरिदासबाबूंनी ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "समझ गया, सर. क्या ड्राफ्टिंग है!"

ज्या खिडकीने खाटेसाठी मला चार दिवस उभे ठेवले, तिने हे काम एक तास चाळीस मिनिटांत केले. तिचे शिक्के, तिचे शिपाई, तिची शाई, सारे जागेवर होते. मला त्या वेळी संताप आला नाही, गंधाली. समाधान वाटले. वाटले, व्यवस्था अजून काम करते.

दुसऱ्या दिवशी दुसरी परिचारिका आली. आईने विचारले, "सत्तो कुठं आहे?" मी म्हटले, बदली झाली. "काहून?" मी म्हटले, नियम आहे. तिने माझ्याकडे पाहिले. एकेचाळीस वर्षांच्या संसारात माझे कोणते वाक्य कोठून येते, हे तिला माहीत होते. मी चमचा पुढे केला. तिने ओठ मिटले. मग म्हणाली, "तुमचे हात अर्ज लिहायचे हो, साहेब. भरवायचे नाहीत."

ती माझ्याशी शेवटची थट्टा. थट्टाच होती, असे मी वर्षभर स्वतःला सांगितले.

त्यानंतर नऊ दिवस.

काल चारुदत्त आला होता. त्याला मी सांगितले की दहा तारखेला समितीपुढे जाऊन पत्रामागचा अर्थ सांगणार आहे. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही पागल झाले का? ताई तर गेली. आता काहून उकरून राहिले? मंडळात तोंड दाखवायचं आहे आपल्याले."

मी म्हटले, "विनोदिनी तुझी सख्खी बहीण होती."

"म्हणूनच सांगून राहिलो. तिचं नाव त्या लोकाईच्या फाइलमध्ये नको." उठता उठता तो दारात थांबला. "तुम्ही तिकडे गेले, तर देवश्री पाटावर बसणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

'त्या लोकाईच्या.' माझ्या पत्रात जे तीन ओळींत लपले होते, ते त्याने दोन शब्दांत उघडे केले. आमच्या दोघांत फरक एवढाच की मला व्याकरण येते.

नरहरी


११ सप्टेंबर २०२५

गंधाली,

काल सुनावणी झाली. अक्षर बिघडले आहे त्याबद्दल क्षमा मागत नाही.

तेलीबांध्याजवळच्या एका कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर. लांब मेज, तीन सदस्य, खिडकीतून तलाव. सत्यभामा आणि तिचा नवरा, जो ऑटो चालवतो, भिंतीशी उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण कोणी बसा म्हटले नव्हते. मला मात्र आत शिरताच "आइए, आइए, पुसदकर साहब" झाले आणि पाणी आले. मी उभा राहिलो. तेव्हा अध्यक्षांना नाइलाजाने सर्वांना बसा म्हणावे लागले.

अध्यक्ष म्हणाले, "आपका पत्र हमने देखा है. बड़ा संतुलित पत्र है. इसमें जाति कहाँ है?"

मी म्हटले, "नहीं है. मैंने निकाल दी थी. तीस बरस मेरा यही काम था."

"तो फिर?"

"'उपयुक्त' माने कौन, यह खिड़की वाले बाबू ने मुझसे पूछा नहीं. बिना पूछे समझ गए. आप भी समझ गए हैं, श्रीमान, इसीलिए पत्र आपको संतुलित लग रहा है."

एक सदस्य खोकला. अध्यक्षांनी नस्ती माझ्याकडे सरकवली. "देखिए, आप अकेले नहीं हैं. कुल ग्यारह शिकायतें हैं. इतने लोग गलत नहीं हो सकते."

मी नस्ती उघडली.

पहिले पत्र माझे. दुसरे, दुसऱ्या कोणाचे, दुसऱ्या वॉर्डातले: "आहार-संबंधी शुचिता एवं पारिवारिक संस्कारों को दृष्टिगत रखते हुए." तिसरे: "दृष्टिगत रखते हुए." चौथे. पाचवे. तोच समास, तोच 'उपयुक्त'. पाच अर्ज सत्यभामाविरुद्ध, बाकीचे आणखी तिघींविरुद्ध. एक जशपूरची उरांव आदिवासी मुलगी, जेमतेम बावीस वर्षांची, दोघी सफाईवरच्या बाया. सगळे कागद छायाप्रती होते. नाव, खाट क्रमांक आणि तारीख यांपुरती जागा पांढऱ्या शाईने कोरी करून वर हाताने भरलेली. माझे अक्षर होते, गंधाली. माझ्याच अक्षरात अकरा माणसे बोलत होती.

हरिदासबाबू बाजूला साक्षीसाठी बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिले. ते लाजले, खरोखर लाजले, कौतुक झालेल्या माणसासारखे. "सर, आपका ड्राफ्ट हमने संभालकर रखा है. लोग आते हैं, उल्टा-सीधा लिखते हैं, गाली तक लिख देते हैं. बाद में झमेला होता है. तो मैं बोल देता हूँ, भैया, यह नमूना देख लो."

माझे नमुने कार्यालयात भिंतीवर लागत, तेव्हा मी तुम्हा दोघींना ते दाखवायला आणले होते. आई म्हणाली होती, "छान आहे, पण यात माणूस कुठं बोलून राहिला?"

नववा अर्ज एका मुलाने वडिलांसाठी केलेला होता. तारीख गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरची. वडिलांचे नाव वर नीट भरले होते. तिसऱ्या ओळीत मात्र पांढरी शाई लावायची राहून गेली होती. तेथे लिहिले होते, "मेरी पत्नी विनोदिनी".

ती जाऊन तीन महिने झाले होते. ज्या बाईने सत्तोसाठी तोंड मिटून घेतले, तिच्याच नावाने सत्तोविरुद्ध तक्रार केली गेली. आणि त्यावर शिक्का होता, स्वाक्षरी होती, 'तत्काल कार्यवाही' होती. कोणी वाचले नव्हते. वाचण्याची गरजच नव्हती. कागदावर काय लिहिले आहे, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होते.

मी ओरडलो. तू मला कधी ओरडताना पाहिलेले नाहीस. मी म्हटले, हे सर्व माझे आहे, मी जात पाहून लिहिले, ही बाई माझ्या बायकोला जगवत होती आणि मी तिचा हात बाजूला केला, आता लिहून घ्या. लघुलेखकाने अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष मृदू आवाजात सांगू लागले आणि मी माझ्या कानांनी ऐकले: "शिकायतकर्ता वयोवृद्ध हैं तथा पत्नी-वियोग से व्यथित हैं, अतः उनके मौखिक कथन को अभिलेख में लेना उपयुक्त प्रतीत नहीं होता."

उपयुक्त!

बाहेर जिन्यात मी सत्यभामाला गाठले. म्हणालो, सोमवारी नवमी आहे. विनोदिनीच्या जागी पाटावर आपण बसावे.

तिचा नवरा काही बोलणार होता, तिने हाताने थांबवले. "नहीं बैठूँगी, बाबूजी. दीदी बुलातीं तो उनके साथ जमीन पर बैठकर खाती, हव. आप उनके नाम का पाटा देकर अपना जी हल्का करेंगे, और मैं शाम को फिर पंडरी जाकर साड़ी तह करूँगी. मुझे पाटा नहीं चाहिए. मुझे मेरा वार्ड चाहिए."

दोन पायऱ्या उतरून ती वळली. "लिखकर दीजिए. बोला हुआ ये लोग मिटा देते हैं. लिखना तो आपको आता है ना?"

नरहरी


१५ सप्टेंबर २०२५, अविधवा नवमी

गंधाली,

लिहिणे मला आले नाही. चार दिवस लागले. प्रत्येक वेळी लेखणी 'खेदपूर्वक निवेदन है' पासून सुरू होई आणि वाक्य आपोआप सभ्य होऊन बसे. शेवटी आज सकाळी आई बोलली असती तसे लिहिले. "मैंने सत्यभामा कोसले की जात पूछी. जात सुनकर उसे हटवाया. उसके काम में कोई दोष नहीं था. बाकी दस अर्जियाँ मेरी अर्जी की नकल हैं. जिसने छापकर बाँटीं और जिसने बिना पढ़े मंजूर कीं, वे भी उतने ही दोषी हैं जितना मैं." खाली सही.

देवश्रीमामी आल्या नाहीत. गुरुजींनीही निरोप पाठवला की आपली प्रकृती ठीक नाही. मी पाट मांडला, भोवती रांगोळीचा एक वेडावाकडा वेढा काढला, पेज शिजवली. ती तळाला लागली. साडी घेतलेली नव्हती. पान वाढून मी थोडा वेळ समोर बसलो आणि मग तसेच ठेवून रुग्णालयात गेलो.

खिडकी क्रमांक चार. हरिदासबाबूंनी कागद वाचला आणि परत सरकवला. "सर, यह फाइल में नहीं लगेगा." मी म्हटले, आवक क्रमांक द्या. "लंच के बाद." मी समोरच्या बाकावर बसलो. तोच बाक.

तीनच्या सुमारास चाळिशीचा एक गृहस्थ आला. नीटनेटका, हातात आपल्या आईचे क्ष-किरण चित्र. खिडकीत वाकून हळू आवाजात काही बोलला. हरिदासबाबूंनी एकदा माझ्याकडे पाहिले, आणि मी बसलो असताना, माझ्या डोळ्यांदेखत, खण उघडून तो कागद काढला.

मी उठलो. त्या माणसाच्या हातातला कागद धरला आणि म्हटले, "यह मैंने लिखा है. इसे मत दीजिए. इसके बाद मेरी पत्नी ने नौ दिन कुछ नहीं खाया."

त्याने माझ्याकडे पाहिले. शांतपणे ऐकून घेतले. मग कागद खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, "चाचाजी, लिखा तो बहुत अच्छा है." आणि सही केली.

मी त्याला मारले असते. हे मी विचारपूर्वक लिहीत आहे. चौसष्ट वर्षांत प्रथमच एखाद्याच्या मुस्कटात द्यावी असे मला वाटले, आणि हात उचलला गेला नाही, कारण समोर जो उभा होता त्याचे अक्षर माझे होते.

मी खिडकीच्या चौकटीला धरून उभा राहिलो आणि माझा आजचा कागद मोठ्याने वाचू लागलो. एकदा, दोनदा, चारदा. रांग जमली. कोणी हसले, कोणी म्हणाले, "कौन सी जात बोल रहे हैं, अंकल?" झाडू घेतलेली एक बाई व्हरांड्याच्या टोकाला थांबून शेवटपर्यंत ऐकत राहिली. चार वाजून दहा मिनिटांनी हरिदासबाबूंनी दात खाऊन शिक्का मारला. आवक क्रमांक माझ्याजवळ आहे. एक प्रत सत्यभामाला पंडरीत पोहोचवली. तिने ती घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि समोरच्या गिऱ्हाइकाला पदर दाखवू लागली. एक प्रत या पत्रासोबत आहे.

समिती काय करील, मला माहीत नाही. खण अजून तेथेच आहे. उद्यापासून खिडकी उघडते त्या वेळेपासून बंद होईपर्यंत मी त्या बाकावर बसणार आहे. जो तो कागद मागेल, त्याला त्याचा अर्थ वाचून दाखवीन. त्याने सही केली, तरी दुसऱ्याला वाचून दाखवीन. सत्यभामा आपल्या वॉर्डात परत जाईपर्यंत हेच माझे कार्यालय.

तू यावेस, अशी अपेक्षा आता कळवत नाही. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कळवतो. एक वर्ष उशीर झाला आहे.

तुझ्या आईला मी उपाशी ठेवले.

नरहरी